क्रूझच्या एका केबिनमध्ये पाच जण?

फैजपूर-सावदा भागातल्या मंडळींनो, मुंबई-गोवा क्रूझचा बेत आहे आणि घरात पाच जण? मग आधी केबिनची क्षमता विचारा. मुंबईहून सुटणारं कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' हे १९९० सालचं जहाज, खोल्या तशा लहानच. खाली दोन बेड, वर भिंतीतून उघडणारे दोन बर्थ. म्हणजे फार तर चार जण. पाचवं तान्हं बाळ असलं तरी ते मोजलं जातं! लाइफबोटीतली जागा माणशी धरतात, तिथे 'मांडीवर घेऊ' चालत नाही. त्यापेक्षा शेजारशेजारच्या दोन केबिन घ्या. खर्च वाढतो, पण बाथरूमही दोन मिळतात, आणि सकाळी त्याची किंमत कळते. आणि हो, भुसावळहून मुंबईची गाडी धराल ती आदल्या दिवशीची धरा. जहाज कुणासाठी थांबत नाही.