एक्सेलमधलं लपलेलं विमान आणि तुमची उधारी


एक्सेल ९७ मध्ये प्रोग्रामर लोकांनी चक्क विमान उडवायचा खेळ लपवला होता. ठरावीक बटणं दाबली की हिशोबाची शीट गायब आणि समोर डोंगर! अशा गमतीला ‘ईस्टर एग’ म्हणतात. २००२ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टनं हे प्रकार बंद केले. कारण सरळ आहे: न सांगता आत काही घातलं, तर ग्राहकानं भरवसा कसा ठेवायचा?

तुमच्या कामाच्या गोष्टी मात्र लपवलेल्या नाहीत, फक्त कुणी दाखवत नाही. या दोन आजच शिका:

१. कंट्रोल आणि सेमीकोलन (;): आजची तारीख पडते आणि तीच कायम राहते. उधारीच्या नोंदीत ‘टुडे’चा फॉर्म्युला वापरू नका, तो रोज बदलतो. माल दिला ५ तारखेला, शीट उघडली २० ला, तर तारीख २० च दिसणार. मग गिऱ्हाइकाला काय दाखवाल?

२. अल्ट आणि बरोबरचं चिन्ह (=): आकड्यांच्या खालच्या रिकाम्या चौकटीत जाऊन दाबा, मग एंटर. बेरीज तयार!

आधी तुमच्या उधारीच्या शीटमधला तारखेचा रकाना तपासा. धंद्यात तारीख चुकली की पैसे अडकतात.