एस-क्लासचं देणं

पुण्याजवळच्या चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात बजाजच्या मोटारसायकली तयार होतात आणि त्याच पट्ट्यात मर्सिडीज-बेंझचा कारखानाही आहे. एका गाडीच्या किमतीत दुसऱ्या प्रकारच्या शंभराहून अधिक गाड्या येतील. तरीही एक गोष्ट दोन्हींत सारखी आहे. १२५ सीसीच्या वरच्या नव्या मोटारसायकलचं पुढचं चाक पाहा. त्यात डिस्कजवळ बारीक खाचांची एक कडी दिसेल. शेजारचा सेन्सर त्या खाचा मोजत असतो. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ लागलं की ब्रेकमधला दाब सोडायचा, धरायचा, पुन्हा सोडायचा, असं सेकंदात कित्येकदा होतं. हे एबीएस. भारतात एप्रिल २०१९ पासून अशा सगळ्या नव्या दुचाकींना ते सक्तीचं आहे.

बॉश कंपनीबरोबर विकसित केलेलं हे इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ साली बाजारात आलं ते मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये, आणि तिथंही जादा पैसे मोजणाऱ्यालाच मिळत होतं. जर्मन धनिकाच्या गाडीपासून आपल्याकडच्या सर्वसाधारण मोटारसायकलपर्यंत यायला त्याला चाळीस वर्षं लागली. एस-क्लासबद्दल लिहिताना लोक मऊ चामडं, लाकडी पट्ट्या आणि मागं बसणाऱ्यांची नावं सांगतात. मला तिच्याविषयी आस्था वाटते ती तिनं इतर गाड्यांना जे दिलं त्यामुळे. तिची प्रत्येक पिढी मी याच मापानं मोजतो.

‘एस-क्लास’ हे नाव अधिकृतपणे १९७२ मध्ये आलं, पण घराणं त्याहून जुनं आहे. या घराण्यात १९५९ साली मागच्या बाजूला माशाच्या परासारखे उंचवटे असलेली एक सेडान आली. कारखान्यातलं तिचं नाव डब्ल्यू १११. आज ते उंचवटे जुनाट वाटतात. पोटातली रचना मात्र अजून जगभर वापरात आहे. तोवर समजूत अशी होती की गाडी जितकी कडक आणि मजबूत तितकी सुरक्षित. बेला बारेनी या ऑस्ट्रियात जन्मलेल्या अभियंत्यानं ही समजूत उलटी केली. माणसं बसतात तो मधला कप्पा कडक ठेवायचा, आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चुरगळेल असा करायचा. धडकेचा जोर पत्रा चुरगळण्यात खर्च झाला की माणसाच्या हाडांपर्यंत कमी पोचतो. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्यानं या कल्पनेचं पेटंट मिळवलं होतं, पण ती रस्त्यावर आली या गाडीतून. आपल्याकडे अपघातानंतर बॉनेट पार दुमडलेलं पाहून ‘पत्रा हलका वापरलाय’ असं लोक म्हणतात, तेव्हा मला बारेनी आठवतो. ते बॉनेट दुमडलं म्हणून आतला माणूस वाचला असण्याची शक्यता बरीच असते.

१९७२ची डब्ल्यू ११६ रुंद, ठाशीव आणि जमिनीला धरून चालणारी होती. पेट्रोलची टाकी मागच्या टोकाकडून काढून मागच्या चाकांच्या आसाच्या वर बसवली, म्हणजे मागून धडक बसली तरी ती फुटू नये. पुढच्याच वर्षी तेलसंकट आलं, तरी १९७५ मध्ये कंपनीनं ६.९ लिटर इंजिनाचं मॉडेल काढलं. वेगाच्या वेड्यांना ते अजून पूज्य आहे. त्यापेक्षा १९७८ साली अमेरिकेसाठी काढलेलं टर्बोडिझेल मॉडेल मला महत्त्वाचं वाटतं, कारण प्रवासी गाडीत टर्बो लावलेलं डिझेल इंजिन मालिकेत तयार होण्याची ती पहिली वेळ होती.

नंतर आली डब्ल्यू १२६, १९७९ मध्ये. या गाडीजवळ मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण माझ्या मते या घराण्यातली ही सर्वांत शहाणी गाडी. ब्रूनो साको यांच्या देखरेखीखाली तिचं रूप ठरलं, आणि चाळीस वर्षांनंतरही ते शिळं झालेलं नाही. तेलसंकटाचा धडा घेऊन ती आधीच्या गाडीपेक्षा हलकी आणि हवेला कमी अडणारी केली होती. दारावर सीट हलवायचं बटण होतं, तेच मुळी छोट्या सीटच्या आकाराचं. बटणाची पाठ मागं ढकलली की सीटची पाठ मागं जाते. माहितीपुस्तक उघडायची गरजच नाही. ही मांडणीही पुढं इतरांनी उचलली.

कंपनीचे लोक १९६९ पासून पोलिसांच्या मदतीनं खऱ्या अपघातस्थळी जाऊन मोजमापं घेत होते. त्यातून कळलं की समोरासमोरच्या बहुतेक धडका गाडीच्या पूर्ण रुंदीवर होत नाहीत. समोरून येणारा चुकवायला आपण स्टेअरिंग वळवतो आणि एकच बाजू आदळते. प्रयोगशाळेत मात्र गाड्या सरळ भिंतीवर आदळवल्या जात होत्या. डब्ल्यू १२६चा सांगाडा या एका बाजूच्या धडकेसाठी बेतला गेला, म्हणजे एकीकडे बसलेला जोर फाटे फुटलेल्या तुळयांमधून सगळीकडे वाटला जाईल. आज गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या चाचण्यांत अशीच धडक घेतली जाते.

१९८१ मध्ये याच गाडीत चालकासाठी एअरबॅग आली. ती जगातली पहिली नव्हती. जनरल मोटर्सनं सत्तरच्या दशकात काही गाड्यांना एअरबॅग देऊन पाहिली होती. पण अमेरिकेत ती पट्टा न लावणाऱ्यांना वाचवण्याचा उपाय म्हणून पुढं आली होती. मर्सिडीजनं ती पट्ट्याची जोडीदार मानली, आणि शेजारच्या सीटला धडकेच्या क्षणी पट्टा घट्ट ओढणारी यंत्रणा दिली. जगानं पुढं हाच विचार स्वीकारला.

इतकी वर्षं कोणी तोडीचा स्पर्धक नसल्यानं कंपनीत एक ताठा आला असावा. १९८७ मध्ये बीएमडब्ल्यूनं बारा सिलिंडरचं इंजिन काढलं, आणि १९८९ मध्ये टोयोटानं लेक्सस एलएस ४०० आणली. ती शांत, निर्दोष आणि अमेरिकेत सुमारे ३५,००० डॉलरला मिळत होती. मर्सिडीजचं उत्तर १९९१ मध्ये आलं, डब्ल्यू १४०. खिडक्यांना दुहेरी काचा, हलकेच ढकललं की स्वतःहून ओढून घेतलं जाणारं दार, सहा लिटरचं बारा सिलिंडर इंजिन, वजन दोन टनांच्या आसपास. रिव्हर्स टाकला की चालकाला गाडीचं टोक कळावं म्हणून मागच्या कोपऱ्यांतून काड्या वर येत. मंदीच्या काळात हा डौल जर्मनांनाही खुपला. तरी याच पिढीनं १९९५ मध्ये, तिच्या कूपे रूपातून, ईएसपी दिलं. घसरू लागलेल्या गाडीचं एकेक चाक वेगवेगळं ब्रेक करून तिला वळणावर परत आणणारी ही यंत्रणा.

ईएसपी खाली उतरायलाही दशकं लागली असती. पण ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मोटार मासिकानं मर्सिडीजच्याच छोट्या ए-क्लासची चाचणी घेतली. रस्त्यात अचानक आडवं आलेलं मूस हरीण चुकवावं तशी गाडी झपकन डावी-उजवी वळवली, आणि ती उलटली. कंपनीनं विक्री थांबवली आणि प्रत्येक ए-क्लासला ईएसपी बसवलं. सर्वांत महागड्या गाडीतली यंत्रणा दोन वर्षांत सर्वांत स्वस्त गाडीत आली. म्हणजे एरवी लागणारा उशीर तंत्रज्ञानाचा नसतो, हे त्या एका उलटलेल्या गाडीनं उघड केलं.

१९९८ची डब्ल्यू २२० सडपातळ झाली, पण गंज आणि इलेक्ट्रॉनिक बिघाडांनी तिची पत गेली. खर्च वाचवण्याची किंमत या नावालाही चुकली नाही. तिच्यातूनच समोरच्या गाडीपासून रडारनं अंतर राखणारी यंत्रणा आली. आता असलं काही आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांतही मिळतं. २००५ आणि २०१३च्या पिढ्या उत्तम होत्या, पण त्यांवर रेंगाळण्यासारखं मला थोडंच दिसतं. २०१३च्या गाडीत एकही साधा बल्ब उरला नव्हता, सगळे एलईडी. त्याच वर्षी तिच्या एका प्रायोगिक गाडीनं मानहाइम ते फोर्झहाइम हे अंतर स्वतःच चालत कापलं. १८८८ मध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, याच दोन गावांमधून मोटार घेऊन गेली होती.

मर्सिडीजनं भारतात १९९५ मध्ये पिंपरीच्या टेल्कोच्या आवारात ई-क्लास जोडायला सुरुवात केली, आणि २००९ मध्ये ती चाकणला गेली. २०२० मध्ये आलेली आताची एस-क्लास, डब्ल्यू २२३, २०२१ पासून तिथंच जोडली जाते.

या गाडीतला माझ्या दृष्टीनं सर्वांत मोलाचा भाग पुढच्या सीटच्या पाठीत दडलेला आहे. जोराची समोरासमोर धडक झाली की तिथून मागच्या प्रवाशासाठी एअरबॅग उघडते. मागच्या सीटवर मालक बसतो अशी ही गाडी, तरी समोरून येणारी ही संरक्षक पिशवी त्याला मिळायला इतकी वर्षं गेली. मागं बसलं की आपण सुरक्षित, हा समज आपल्याकडे फार खोल आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ गाडीच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबरचे एक प्रवासी गेले. गाडी मर्सिडीजचीच होती, वेगळ्या मॉडेलची. मागं बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. डब्ल्यू २२३ची मागची एअरबॅगही पट्टा लावलेल्या माणसासाठीच बेतलेली आहे. ती चार-सहा जणांच्या कुटुंबाच्या छोट्या गाडीत कोणत्या वर्षी उतरते, याकडे माझं लक्ष आहे.