स्वामिमलैचे ओतकाम

कुंभकोणमपासून थोड्याच अंतरावर, कावेरीच्या काठी वसलेले स्वामिमलै ओळखले जाते ते दोन कारणांनी: टेकडीवरच्या मुरुगनामुळे, ज्याने प्रत्यक्ष पित्याला, शिवाला, प्रणवाचा अर्थ सांगितला आणि म्हणून जो ‘स्वामिनाथ’ झाला, आणि त्या टेकडीच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या पंचधातूच्या मूर्ती घडवीत आलेल्या स्थपतींच्या घराण्यांमुळे. पुत्राने पित्यास उपदेश केल्याची कथा ज्या गावची, त्या गावात विद्या मात्र बापाकडूनच मुलाकडे उतरत आली आहे.

या मूर्तींचे प्रयोजन ध्यानी घेतल्यावाचून त्यांचे सौंदर्य उमगत नाही. गाभाऱ्यातला पाषाणदेव जागचा हलत नाही. म्हणून जे देवळापर्यंत येऊ शकत नाहीत त्यांच्या दारी, वाजतगाजत, वस्त्रालंकारांनी नटून जाण्यासाठी त्याची उत्सवमूर्ती लागते. चोळांच्या राजवटीत या गरजेतूनच ओतकाम कळसाला पोहोचले. संग्रहालयाच्या काचेमागे उघडा उभा असलेला नटराज पाहून आपण थक्क होतो खरे. पण तो पाहावा खांद्यावरच्या पालखीत, असेच मला वाटते.

अशी मूर्ती घडविताना आरंभ मापांपासून होतो: नारळाच्या झावळीची पट्टी मूर्तीच्या उंचीइतकी कापून, तिला घड्या घालून प्रमाणे घेतली जातात. ‘उत्तम दशताल’ या शिल्पशास्त्रातल्या प्रमाणाने घडविलेल्या मूर्तीत तर उंचीचे १२४ भाग कल्पिलेले असतात. मग मेण आणि राळ यांच्या मिश्रणातून, बोटांच्या उबेने मऊ करीत, देवाचे सर्वांग घडते. त्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचा पहिला लेप इतका पातळ आणि मुलायम देतात की, मेणावरची रेघ न्‌ रेघ तो उचलून घेतो. पुढचे लेप जाड, वाळू मिसळलेले. साचा गोवऱ्यांच्या आचेवर तापला की मेण वितळून वाहून जाते आणि आत उरते ती केवळ देवाच्या आकाराची पोकळी, जिच्यात वितळलेला रस ओततात. धातू किती घ्यावा, हे साच्यात डोकावून ठरविता येत नाही. म्हणून आधी मेण तोलतात. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या, मराठीच्या अभ्यासकांनाही जवळच्या असलेल्या ‘मानसोल्लासा’त हेच गणित आहे: रुपे मेणाच्या बारापट, सोने सोळापट.

साचा निवाला की तो फोडतात. एका साच्यातून दुसरी मूर्ती निघत नाही. पुढे छिन्नी आणि कानस यांचे काम दीर्घकाळ चालते. आणि सर्वांत शेवटी, मुहूर्त पाहून, सोन्याच्या कोरणीने डोळे उघडले जातात. तोवर ती धातूची वस्तू असते. त्यानंतर ती पाहू लागते.

ही श्रद्धा न्यायालयातही टिकली. १९७६ साली तंजावर मुलखातल्या पत्तूर गावी जमिनीतून निघालेला नटराज चोरवाटेने लंडनला पोहोचला आणि त्याच्या मालकीचा दावा तेथे उभा राहिला. या कज्ज्यात पत्तूरच्या भग्न शिवमंदिराला स्वतंत्र पक्षकार म्हणून मान्यता मिळाली, निवाडा त्याच्या बाजूने लागला, आणि १९९१ साली तो नटराज तमिळनाडूत परत आला.