फोटोसाठीं फोन कोणता घ्यावा?

दसरा-दिवाळीच्या सुमारास पुण्यांतील पुष्कळ घरांतून एक चर्चा हटकून सुरू होते. कोणाचा तरी फोन जुना झालेला असतो. नवा घ्यावयाचा तर ज्याचा कॅमेरा चांगला तोच घ्यावा, याविषयीं लहानथोर सर्वांचें एकमत असतें. मतभेद सुरू होतो तो त्यापुढें. कॅमेरा चांगला म्हणजे काय? पुतण्या मेगापिक्सेलचे आंकडे म्हणून दाखवितो, मेहुणे फोनच्या पाठीवर भिंगें किती आहेत तीं मोजतात, आणि वडील मंडळी किंमत ऐकून चष्मा पुसूं लागतात. लक्ष्मी रस्त्यावर किंवा बुधवार पेठेंत एखाद्या दुकानांत जाऊन उभें राहावें, तर आंकड्यांचा असा वर्षाव होतो कीं, आपण कशासाठीं आलों होतों हेंच गिऱ्हाइकानें विसरावें.

आमच्या मतें या विचाराचा आरंभ दुकानांत होतां कामा नये. तो घरांत व्हावा. आपल्या कुटुंबांत फोटो कोणाचे निघतात, कोणत्या उजेडांत निघतात, आणि ते किती वर्षें टिकावे अशी आपली इच्छा आहे, या तीन प्रश्नांचीं उत्तरें आधीं दिलीं, तर निम्मा फोन निवडून झाला असें खुशाल समजावें.

फोटोचें मोल

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं कुलवृत्तांताचा एखादा जाडजूड ग्रंथ असेल. तो उघडून पाहावा. पगडी व उपरणें घातलेल्या कर्त्या पुरुषांचे फोटो त्यांत सांपडतात. परंतु त्यांच्या पत्नीविषयीं बहुधा माहेरचें व सासरचें नांव, एवढीच एक ओळ असते. चेहरा नाहीं. ज्या बाईनें दहा मुलांचें संगोपन केलें आणि पन्नास वर्षें घर चालविलें, ती दिसावयास कशी होती हें सांगणारें आज कोणी उरलेलें नाहीं. त्यांतून जे थोडे फोटो निघाले होते त्यांवरही संकटें आलीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेचें पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलें, तेव्हां कित्येक घरांतील पेट्या, दप्तरें आणि त्यांबरोबर फोटोही गेले. ज्या घराची ही हानि झाली, त्या घराला फोटोचें मोल शिकवावें लागत नाहीं.

आतां काळ पालटला आहे. २००० सालीं जपानांत शार्प कंपनीचा जो कॅमेऱ्याचा फोन विक्रीस आला, त्याचें चित्र सुमारें १ लक्ष १० हजार बिंदूंचें होतें. आज मध्यम किमतीच्या फोनांतही ५ कोटी बिंदूंचा, म्हणजे ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा मिळतो. उणीव फोटोंची राहिली नसून विवेकाची राहिली आहे.

मेगापिक्सेलचा हिशेब

प्रथम या मेगापिक्सेलचाच हिशेब करूं. कागदावर उत्तम छपाई व्हावी म्हणून इंचास ३०० बिंदू पुरेसे मानतात. ६ इंच लांब व ४ इंच रुंद अशा नेहमींच्या प्रतीस १८०० गुणिले १२००, म्हणजे २१ लक्ष ६० हजार बिंदू लागतात. १२ इंच लांब व ८ इंच रुंद असा मोठा फोटो भिंतीवर लावावयाचा असला, तरी ८६ लक्ष ४० हजारांत काम भागतें. म्हणजे १२ मेगापिक्सेलचें चित्र घरगुती उपयोगास पुरून उरतें. इतकेंच नव्हे, तर ५० मेगापिक्सेलचे बहुतेक फोनही नेहमींच्या वापरांत चार चार बिंदू एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचेंच चित्र आपल्या हातीं देतात. तेव्हां ५० पेक्षां २०० हा आंकडा चौपट असला, तरी आजीचा फोटो चौपट चांगला येईल अशी आशा कोणीं करूं नये.

खरा प्रश्न उजेडाचा

पाऊस पडत असतां अंगणांत एक वाटी आणि एक परात ठेवावी. पाऊस दोहोंवर सारखाच पडतो. पण पाणी परातींत अधिक सांठतें. कॅमेऱ्यांतील सेन्सरची गोष्ट अशीच आहे. सेन्सर हें प्रकाश धरून ठेवणारें पात्र होय; तें जितकें मोठें, तितकें अंधुक उजेडांतील चित्र स्वच्छ. सेन्सरचें माप इंचाच्या अपूर्णांकांत सांगतात. त्यांत छेद लहान तितका सेन्सर मोठा, १/१.३ हा १/२.८ पेक्षां पुष्कळ मोठा. ज्याला एक इंची म्हणतात तो प्रत्यक्ष मापानें सुमारें १३ मिलिमीटर लांब व ९ मिलिमीटर रुंद असतो. तरी फोनच्या मानानें तोही मोठाच.

दुसरा आंकडा भिंगाच्या छिद्राचा. तो 'एफ' या अक्षरापुढें लिहितात, आणि तोही लहान असावा. एफ १.८ च्या भिंगांतून एफ २.४ च्या मानानें सुमारें पावणेदोनपट प्रकाश आंत येतो. मेगापिक्सेलऐवजीं हे दोन आंकडे दुकानदारास विचारावे. सांगतां आले नाहींत, तर ते कंपनीच्या माहितीपत्रकांत पाहावे.

उजेडाचा आम्ही एवढा आग्रह धरतों, त्यास कारण आहे. आपल्या घरचे महत्त्वाचे प्रसंग भर दुपारच्या उन्हांत फार थोडे घडतात. मंगळागौरीचें जागरण रात्रीचें. देवघरांत समईचा प्रकाश. जुन्या वाड्याचें माजघर दिवसाही अंधारलेलें. अनंत चतुर्दशीची मिरवणूक रात्रभर चालते, आणि पालख्या पुण्यांत येतात तेव्हां आभाळ भरून आलेलें असतें. दुकानांतील लखलखीत दिव्यांखालीं सर्वच फोन गुणी दिसतात. माजघरांत त्यांचें पाणी जोखलें जातें.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. बऱ्याच फोनांत 'नाइट मोड' असतो. तो एकामागून एक अनेक चित्रें घेऊन त्यांचें एक चित्र करतो. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासाठीं ही युक्ति उत्तम, कारण दरवाजा हालत नाहीं. फुगडी घालणाऱ्या मुलींसाठीं ती निरुपयोगी. तसेंच हाताचा कंप सांवरून धरणारी 'ओआयएस' नांवाची योजना अवश्य असावी. मात्र ती फोटो काढणाराचा हात सांवरते, धांवणाऱ्या मुलाचे पाय नव्हे.

भिंगें किती आणि कोणतीं

फोनच्या पाठीवर चार भिंगें दिसलीं म्हणून हुरळून जाऊं नये. त्यांपैकीं दोन मेगापिक्सेलचीं 'मॅक्रो' व 'डेप्थ' हीं भिंगें पुष्कळदां केवळ संख्या भरण्यासाठींच बसविलेलीं असतात. खरा कारभार मुख्य भिंगाचा. त्याशिवाय एखादेंच अधिक मिळणार असेल, तर तें कोणतें हवें हें घरावरून ठरवावें.

ज्यांच्या घरीं सणासुदीला वीसपंचवीस माणसें एका लहानशा दिवाणखान्यांत जमतात, त्यांना रुंद कोनाचें भिंग उपयोगीं पडतें. परंतु या भिंगांतून कडेचे चेहरे ताणल्यासारखे दिसतात. कडेला उभ्या केलेल्या आत्याबाई फोटो पाहून रुसल्या, तर त्यांत त्यांचा दोष नाहीं. त्यांना मधोमध बसवावें व कडेला फुलदाणी ठेवावी. ज्यांना माणसांचे चेहरेच टिपावयाचे आहेत, त्यांनीं दूरचें भिंग, म्हणजे टेलिफोटो, निवडावें. दुप्पट-तिप्पट जवळ आणणारें असें भिंग असलें म्हणजे चार पावलें दूर उभें राहून फोटो घेतां येतो. नाक मोठें दिसत नाहीं, आणि समोरचें माणूसही मोकळेपणानें बसतें. केवळ 'डिजिटल झूम' म्हणजे मात्र चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करणें होय. त्यासाठीं जादा पैसे मोजूं नयेत.

चेहरा खरा असावा

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आजचा फोन फोटो नुसता काढीत नाहीं, तो सुधारतो. आभाळ अधिक निळें करतो, सांवळा रंग उजळवितो, आणि सत्तर वर्षांच्या सुरकुत्या क्षणांत पुसून टाकतो. हौसेखातर एखादे वेळीं हें चालेल; परंतु नातवंडांना पुढें दाखवावयाची ती आजी ही नव्हे. तिच्या कपाळावरील रेषा आणि डोळ्यांभोंवतालचें जाळें हीं तिचीच कमाई आहे; ती पुसण्याचा अधिकार यंत्राला कोणीं दिला? सांवळ्या वर्णाविषयींची ही खोड कंपन्यांसही जाणवलेली आहे. गूगलनें २०२१ सालीं आपल्या फोनांत अशा वर्णाचे चेहरे यथार्थ यावे म्हणून मुद्दाम सुधारणा केल्याचें जाहीर केलें. तेव्हां फोन हातीं येतांच त्याच्या कॅमेऱ्यांतील 'ब्यूटी'ची योजना बंद करावी; आणि बंद करूनही जो फोन चेहरा गुळगुळीत करतो, तो कितीही गाजलेला असला तरी घेऊं नये.

एकत्र कुटुंबाची सोय

ही परीक्षा करावी कशी? दुकानदार फोन घरीं नेऊं देत नाहीं. पण एकत्र कुटुंबाला एक लाभ आहे, तो विभक्त बिऱ्हाडाला नाहीं. घरांत आधींच चारपांच निरनिराळे फोन असतात, आणि शेजारीं व नात्यागोत्यांत आणखी दहा. ते एका संध्याकाळीं एकत्र आणावे व प्रत्येकानें तेच चार फोटो काढावे: देवघराजवळ बसलेल्या आजी, धांवत सुटलेलें लहान मूल, खिडकीकडे पाठ करून बसलेलें माणूस, आणि एखादें जुनें पत्र किंवा पणजोबांचा विटलेला फोटो. पहिल्यानें अंधुक उजेडांतील गुण कळतो, दुसऱ्यानें चपळाई, तिसऱ्यानें ऊनसावली सांभाळण्याची शक्ति, आणि चौथ्यानें जुन्या ठेव्याची नक्कल करण्याची योग्यता. हे फोटो मूळ स्वरूपांत संगणकावर घेऊन मोठ्या पडद्यावर शेजारीं शेजारीं पाहावे. व्हॉट्सॲपनें नेहमींच्या रीतीनें पाठविलेला फोटो आकसतो. त्यावरून निर्णय करूं नये.

आम्हीं हा प्रयोग घरच्या पांच फोनांवर केला. देवघरापाशीं सर्वांत सरस ठरला तो चार वर्षांपूर्वींचा, त्या वेळीं उंची समजला जाणारा फोन. यंदाचे दोन मध्यम किमतीचे फोन त्याच्या मागें पडले. मुलामागें धांवण्यांत मात्र नव्यांपैकीं एकानें बाजी मारली. फोन कोणता घ्यावा हें मग कोणीं कोणास सांगावें लागलें नाहीं. ज्या घरांत मूल रांगतें आहे त्यानें एक निवडावा, ज्या घरांत आजी आहेत त्यानें दुसरा, इतकें तें उघड होतें.

यावरून काटकसरीचा एक मार्गही निघतो. नव्या मध्यम फोनच्या किमतींत दोनतीन वर्षांपूर्वींचा उंची फोन वापरलेला मिळत असेल, तर फोटोसाठीं तो पुष्कळदां अधिक चांगला. मात्र बॅटरी तपासावी. 'तारा चौकडी शून्य सहा चौकडी' हीं बटणें दाबून फोनचा आयएमईआय क्रमांक पाहावा, आणि तो चोरीचा म्हणून बंद केलेला नाहीं याची सरकारच्या 'संचार साथी' व्यवस्थेंतून खात्री करावी. कंपनी त्यास आणखी किती वर्षें नवी प्रणाली पुरविणार, हेंही विचारावें. गूगलनें २०२३ पासून व सॅमसंगनें २०२४ पासून आपल्या वरच्या श्रेणीच्या नव्या फोनांना सात वर्षांची हमी दिली आहे; सर्व कंपन्यांचें औदार्य सारखें नसतें.

ठेवा कोठें ठेवावा

फोन घेतला, फोटो निघाले, पुढें काय? रोज वीस फोटो निघाले तर वर्षास ७,३०० होतात, आणि एकास चार मेगाबाइट धरले तर सुमारें २९ गिगाबाइट जागा त्यांतच जाते. गूगल फोटोजची अमर्याद फुकट सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. आतां एका खात्यास मिळणाऱ्या १५ गिगाबाइटांत पत्रव्यवहारही मोजला जातो. म्हणून २५६ गिगाबाइटांचा फोन घेणें इष्ट. आणि जो पैसा जादा भिंगांवर खर्च होणार होता, त्यांतून एक बाहेरची डिस्क घ्यावी. वर्षांतून दोनदां सर्व फोटो तिजवर उतरवावे, व एक प्रत दुसऱ्या गांवीं किंवा निदान दुसऱ्या पेठेंत राहणाऱ्या भावाकडे ठेवावी. सगळा ठेवा एका छपराखालीं ठेवूं नये, हें पानशेतच्या पुरानें शिकविलेलें आहे.

याशिवाय दरवर्षीं निवडक पन्नास फोटो कागदावर छापून घ्यावे आणि प्रत्येकामागें नांव, तारीख व ठिकाण लिहावें. हें काम आजोबांकडे द्यावें. नातीं त्यांनाच ठाऊक असतात.

शेवटीं एक सूचना, आणि तिला दमडीही लागत नाहीं. हल्लीं घरांतील बहुतेक फोटो सूनबाई काढतात. त्यामुळें हजारों फोटोंत सगळें घर असतें आणि त्या स्वतः नसतात. कुलवृत्तांतांतील त्या एका ओळीची गोष्ट अशानें नव्या रीतीनें पुन्हां घडेल. फोन कोणताही घ्या, प्रत्येक सणाला तो थोडा वेळ त्यांच्या हातांतून काढून घ्या आणि त्यांना मधोमध बसवून एक फोटो काढा.