पंधरा हजारांतला अष्टपैलू

घरात कॅमेरा येतो तो कुठल्या तरी निमित्ताने. कुणाचे बारसे असते, सहल असते, मुलाचा पहिला पगार झालेला असतो. त्या दिवशी खोक्यातून कॅमेऱ्याबरोबर एक लेन्सही येते, आणि पुढची दोन-तीन वर्षे ती कॅमेऱ्याचाच एक अवयव आहे अशी घरातल्या सगळ्यांची समजूत असते. मग एके दिवशी कुणीतरी म्हणते, "आता लेन्स बदलायला हवी." कॅमेरा घेताना आपण एका दुकानात जातो, चार प्रश्न विचारतो आणि घेऊन येतो. लेन्स घ्यायला निघालेला माणूस मात्र मुलीसाठी स्थळे पाहणाऱ्या बापासारखा होतो. भेटेल त्याला विचारतो, आणि जो तो वेगळेच नाव सुचवतो.

हे सारे मला कळायचे कारण म्हणजे माझ्या पुतण्याची मुलगी. डोंबिवलीला असते, पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅनन कंपनीचा एक जुना डीएसएलआर तिच्याकडे आहे आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ची लेन्स. बारसे, डोहाळजेवण, सोसायटीतला वाढदिवस अशा लहान समारंभांचे फोटो ती काढून देते. दीड-दोन हजार मिळतात. गेल्या वर्षी पुतण्याचा कारखाना बंद झाला, तेव्हापासून तिचे हे पैसे हौसेचे राहिलेले नाहीत. पंधरा हजार साठवून ती माझ्याकडे आली. म्हणाली, "आजोबा, सगळीकडे चालेल अशी एकच लेन्स घ्यायची आहे. चुकली तर दुसरी घेता येणार नाही."

मी कादंबऱ्या लिहितो, फोटो काढत नाही. पण तीस वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज तपासले. अर्जात माणूस काय लिहितो याला फारसा अर्थ नसतो. आधी त्याचा खातेउतारा पाहायचा असतो. मी विचारले, "तुझ्या फोटोंचा काही उतारा मिळतो का?" मिळतो म्हणाली. डिजिटल कॅमेरा प्रत्येक फोटोच्या पोटात नोंद करून ठेवतो: लेन्स किती मिलिमीटरवर होती, तिचे छिद्र किती उघडे होते, शटर सेकंदाचा कितवा भाग उघडे राहिले, आयएसओ किती होता. संगणकावर त्या फोटोची माहिती उघडली की सारे दिसते. पैसा लागत नाही, आणि तरी हे काम आधी करणारे फार थोडे.

आम्ही तिचे शेवटचे चारशे फोटो घेऊन बसलो. वहीत रेघा मारून रकाने पाडले. (जुनी सवय.) निम्म्याहून अधिक फोटो १८ ते ३०च्या दरम्यानचे निघाले. लोकांची घरे लहान, पाहुणे पुष्कळ, आणि मागे सरकायला भिंत. सव्वाशेच्या आसपास फोटो ५५वर होते. ते बहुतेक चेहऱ्यांचे. पण खरी गोष्ट पुढच्या रकान्यात होती. संध्याकाळनंतरच्या जवळजवळ प्रत्येक फोटोत आयएसओ ३२०० किंवा ६४०० होता, म्हणजे कॅमेरा उजेडासाठी अक्षरशः भीक मागत होता. तिला "अजून लांबचे दिसणारी" लेन्स हवी होती. उतारा सांगत होता की अडचण अंतराची नाही, अंधाराची आहे.

इथे थोडा हिशेब करावा लागतो, पण तो सोपा आहे. लेन्सवर एफचा जो आकडा असतो तो छिद्राचा. आकडा लहान तितके छिद्र मोठे. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या लेन्सवर ३.५-५.६ असे लिहिलेले असते. म्हणजे १८वर तिचे छिद्र ३.५पर्यंत उघडते, पण झूम करत ५५ला नेले की ५.६च्या पुढे उघडत नाही. एफ २.८च्या लेन्समधून एफ ५.६च्या चौपट उजेड आत येतो. एफ १.८मधून नऊ-दहा पट. आता डोहाळजेवणाचा प्रसंग घ्या. ट्यूबलाइटच्या उजेडात ५.६वर शटर १/१५ सेकंद उघडे ठेवावे लागत असेल, तर ओटी भरणाऱ्या बाईचा हात फोटोत पुसल्यासारखा येणारच. तोच उजेड, तोच आयएसओ, पण एफ २.८ असेल तर १/६० सेकंदात काम भागते आणि हातातले तांदळाचे दाणे मोजता येतात. हल्ली लेन्समध्ये हादरे आवरणारी यंत्रणा असते. ती चांगली आहे, पण ती आपल्या हाताचे कापणे आवरते. समोरच्या बाईचा हात थांबवण्याची शक्ती तिच्यात नाही. दुकानात हा फरक सहसा कुणी सांगत नाही.

मग एफ १.८ का नको? हवी की! ज्यांच्या घरात लहान मूल किंवा म्हातारे माणूस आहे आणि ज्यांना त्यांचेच फोटो काढायचे आहेत, त्यांनी हा लेख इथेच सोडून १.८ची लेन्स आणायला निघावे. कॅननची २०१५ साली आलेली ५० मिलिमीटरची एफ १.८ एसटीएम किंवा निकॉनची २००९ची ३५ मिलिमीटरची एफ १.८ या दोन्ही अगदी सामान्य माणसाच्या खिशाचा विचार करून केलेल्या लेन्स आहेत. त्यांना झूम नसतो. जवळचे हवे तर आपण जवळ जायचे, लांबचे हवे तर मागे व्हायचे. आपल्याकडच्या एका पिढीने 'क्लिक थ्री' या डबा कॅमेऱ्यावर एकाच काचेतून, रोलला बारा फोटो, अशी अख्खी लग्ने उरकली आहेत, तेव्हा झूम नसणे म्हणजे काही अपंगत्व नव्हे.

पण आमच्या मुलीचा प्रश्न भिंतीचा होता. फिल्मच्या कॅमेऱ्यात ५० मिलिमीटर म्हणजे साधारण डोळ्याला दिसते तसे दृश्य. लहान सेन्सरच्या कॅननमध्ये तेच ५० हे ८०सारखे वागते. आठ फुटांवरून तिच्या कॅमेऱ्याला ५०च्या लेन्समधून जेमतेम साडेतीन फूट रुंदीचे दिसते, आणि १८वर दहा फूट. बारशाला पाळण्याभोवती सात बायका उभ्या असताना साडेतीन फुटांत कुणाकुणाला बसवणार? तरी मी म्हटले, करून पाहू. आहे त्याच लेन्सची झूमची कडी ५०च्या आसपास आणून तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावली आणि एक अख्खा समारंभ तसाच काढायला सांगितला. दुसऱ्या दिवशी फोन आला. "आजोबा, चेहरे सुरेख आलेत. पण पाळणा कुठेच नाही."

लेन्स घेण्यापूर्वी ही चिकटपट्टीची परीक्षा प्रत्येकाने द्यावी असे मला वाटते. काहीजण तिच्यात आनंदाने पास होतात आणि त्यांचे पुष्कळ पैसे वाचतात.

याच सुमारास पुतण्याने एक लेन्स शोधून काढली, १८-३००ची. "काका, हिच्यात सगळंच आहे. बारसं पण आणि पक्षी पण." दुकानदारानेही तिला 'ऑलराउंडर' म्हटले होते. आता क्रिकेटमध्ये अष्टपैलू कुणाला म्हणतात? जो फलंदाज म्हणून संघात बसेल आणि गोलंदाज म्हणूनही बसेल, त्याला. थोडी फलंदाजी आणि थोडी गोलंदाजी करणारा खेळाडू वेगळा. तो उपयोगाचा असतो, पण कसोटीच्या दिवशी कर्णधार त्याच्या हाती चेंडू देताना विचार करतो. १८-३०० किंवा १६-३०० या जातीच्या लेन्सचे छिद्र लांबच्या टोकाला ६.३वर येते. उन्हात काही बिघडत नाही. वारीबरोबर चालणाऱ्याला, हिमालयात धूळ आणि थंडीत लेन्स बदलणे ज्याला शक्य नाही त्याला तीच योग्य. भिगवणच्या रोहित पक्ष्यांसाठीही ३०० लागतातच. पण चारशे फोटोंच्या उताऱ्यात पक्षी एकही नव्हता. पुतण्याला लहानपणापासून पक्ष्यांचे वेड, हे खरे. तो उतारा मात्र मुलीचा होता.

शिवाय ती लेन्स पंधरा हजारांत बसत नव्हती. त्यावर दुकानदाराचे उत्तर तयार होते: बिनव्याजी हप्ते. हा शब्द ऐकला की माझ्यातला निवृत्त अधिकारी ताठ बसतो. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट शब्दांत बजावले होते. तेव्हा व्याज प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली दडवले जाई. आता पद्धत बदलली आहे. जेवढे व्याज होणार तेवढी सूट आधी किमतीतून दाखवतात, आणि मग बँक हप्त्यांतून रीतसर व्याज घेते. क्रेडिट कार्डावर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, काही ठिकाणी प्रक्रिया शुल्कही. म्हणजे रोखीने घेणाऱ्याने जी सूट मागून घ्यायची, ती हप्तेवाला व्याजात घालवतो. रक्कम फार मोठी नसते. पण आषाढ-श्रावणात समारंभांचे बोलावणे किती येईल याचा भरवसा नाही आणि हप्ता तर दर महिन्याच्या पाच तारखेला हजर. पुतण्याला हे मी एकट्यात सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "नको काढायला हप्ता."

उरला मार्ग जुन्या बाजाराचा. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०१८ साली आरशाविना चालणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांसाठी नवी मापे काढली, आरएफ आणि झेड. तेव्हापासून व्यावसायिक मंडळी हळूहळू तिकडे सरकली आणि डीएसएलआरच्या उत्तम लेन्स जुन्या बाजारात आल्या. त्यातच टॅमरॉनची १७-५० एफ २.८ आहे, २००६ची. सिग्माची त्याच मापाची २०१०ची. दोन्ही टोकांना छिद्र २.८च. (छायाचित्रणाच्या फिल्म कॅमेऱ्यासाठी निघालेली पहिली झूम लेन्स, १९५९ सालची फोक्टलेंडर झूमार, हीसुद्धा ३६-८२ एफ २.८चीच होती.) उद्या मुलीने नवा कॅनन घेतला तरी अडॅप्टर लावून अशा लेन्स चालवता येतात. निकॉनवाल्यांनी मात्र एक गोष्ट पाहावी: डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. स्वस्तात मिळणारी जुनी 'एएफ-डी' लेन्स त्यांवर बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. तिथे 'एएफ-एस' पाहूनच घ्यावी.

फोर्टात बोरा बाजारच्या अंगाला कॅमेऱ्यांची दुकाने आहेत, तिथे आम्ही दोघे गेलो. पहिली लेन्स बाहेरून नवी कोरी दिसत होती. मुलीने मोबाइलची बॅटरी लावली, एका बाजूने तिरका उजेड सोडला आणि दुसऱ्या बाजूने आत पाहिले. काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके तंतू. "धूळ आहे ती, पुसली की जाईल," असे आम्हाला सांगण्यात आले. ती धूळ नव्हती, बुरशी होती. मुंबईच्या आणि कोकणच्या हवेत लेन्सला होणारा हा नेहमीचा रोग. लवकर कळला तर साफ होतो, मुरला की काचेवरचा लेप कायमचा खातो, आणि साफ करण्याची मजुरी वेगळी. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो.

दुसरी एका लग्नाच्या छायाचित्रकाराकडे मिळाली. त्याने नवा कॅमेरा घेतला होता. बाहेरचा रंग उडालेला, रबराची कडी सैल. आत मात्र स्वच्छ. तपासायची रीत सांगतो, कारण तिला लागणारे साहित्य या क्षणी तुमच्या हातात आहे. वर्तमानपत्राचे पान भिंतीवर सपाट चिकटवायचे, कॅमेरा तिवईवर किंवा टेबलावर त्याच्या बरोबर समोर ठेवायचा, छिद्र पूर्ण उघडे ठेवून फोटो काढायचा आणि संगणकावर मोठा करून चारही कोपऱ्यांतली अक्षरे वाचायची. कोपरे मधल्यापेक्षा थोडे मऊ असले तर चालते. पण एकच बाजू धूसर आणि बाकी तीन स्वच्छ, असे दिसले तर आतली काच सरकलेली असते; ती लेन्स कधीतरी पडली आहे. याशिवाय पुढच्या कडीला पोचा नाही ना, छिद्राच्या पात्यांवर तेल नाही ना, फोकस जवळून लांब नेताना अडखळत नाही ना, हे पाहायचे. आणि मूळ बिल मागायचे. बिलावरचा आणि लेन्सवरचा क्रमांक जुळला पाहिजे. आमच्या भाषेत टायटल क्लिअर हवे. त्या गृहस्थांनी बिल शोधायला अर्धा तास लावला, पण दिले. सौदा साडेबारा हजारांना झाला.

उरलेल्या अडीच हजारांवर लगेच टोळधाड आली. संरक्षक फिल्टर घ्या, नवी पिशवी घ्या. मी म्हटले, स्वस्त फिल्टर म्हणजे चांगल्या काचेपुढे खिडकीची काच. त्याऐवजी लेन्सचे हूड घेतले. ते भलता उजेडही अडवते आणि धक्काही खाते. धूळ उडवायला रबरी फुंकणी घेतली, आणि हवेतला ओलावा दाखवणारे एक लहानसे यंत्र. पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या पिशवीत ठेवू नये, चामड्याला बुरशी आधी लागते. घट्ट झाकणाचा डबा, तळाला सिलिका जेलच्या पुड्या, यंत्रावर आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान, एवढे पुरते. जेलचे दाणे ओलावा पिऊन रंग बदलतात. ते तापवून पुन्हा वापरता येतात, पण त्यासाठी स्वयंपाकाची कढई घेऊ नये, त्या रंगात विषारी द्रव्य असू शकते. डबा मुलीच्या आईने दिला, थोड्या नाखुशीनेच. त्याच्या झाकणावर 'जाडे पोहे' अशी पट्टी अजून आहे.