पोरांना अ‍ॅनिमेशन स्टुडिओ दाखवायला नेताय? सोबत जाणाऱ्यानं आधी एवढं माहीत करून घ्या

दिवाळी झाली की गावोगावी सहलींचं ठरायला लागतं. रायगड, प्रतापगड, पन्हाळा, नाहीतर अलिबागचा समुद्र. पण पोरांना विचारलं तर हल्ली एखादा हळूच सांगतो, "कार्टून कुठं बनवतात ते बघायचंय." मोठी माणसं हसतात आणि विषय तिथंच संपतो.

खरं तर ही मागणी उडवून लावण्यासारखी नाही. ज्या पोराची वही मागच्या पानापासून चित्रांनी भरलेली असते, त्याला या धंद्यात खरंच काम मिळू शकतं. आणि त्याच पोराच्या शिक्षणापायी बापाच्या नावावर काही लाखांचं कर्जही होऊ शकतं. पुणे-मुंबईच्या एका दिवसाच्या सहलीतून यातलं काय घडेल, हे बऱ्याच अंशी सोबत गेलेल्या मोठ्या माणसावर असतं. मग ते शाळेचे सर असोत, अभ्यासिका चालवणारे असोत की मंडळाचे अध्यक्ष.

पहिली गोष्ट, ज्या ठिकाणी जायचंय ते नक्की काय आहे ते फोनवर नीट विचारून घ्या. 'स्टुडिओ' अशी पाटी तीन प्रकारच्या जागांवर असते. एक, जिथं कार्टून मालिका किंवा अ‍ॅनिमेशनपट तयार होतात. दोन, जिथं व्हीएफएक्सचं काम चालतं, म्हणजे आधीच शूटिंग झालेल्या दृश्यात आग, पूर, वाघ, कोसळणारी इमारत असं काहीबाही संगणकावर घालायचं किंवा हिरोच्या कमरेची दोरी पुसायची. आणि तिसरी जागा म्हणजे फी घेऊन शिकवणारा क्लास. क्लासमध्ये जायला हरकत नाही, पण तिथं पाहुणचार जास्त का होतो ते लक्षात ठेवा. चहा-बिस्किटं, मोफत 'सेमिनार', आणि शेवटी प्रत्येक पोरापुढं एक फॉर्म. त्यात नाव, गाव, आई-वडिलांचा मोबाईल नंबर. पुढचे सहा महिने घरी फोन येत राहतात. अठराच्या आतल्या पोरांनी असा फॉर्म भरायचा नाही, हे गाडीतच सांगून ठेवा. माहितीपत्रक मात्र अवश्य घ्या, त्याचा उपयोग पुढं आहे.

चालत्या स्टुडिओत परवानगी मिळवणं तसं अवघड असतं, कारण तिथं कामाची घाई असते. महिनाभर आधी शाळेच्या किंवा संस्थेच्या लेटरहेडवर ईमेल पाठवा. किती मुलं, कितवीची, सोबत कोण, कोणती तारीख चालेल, हे एका पानात लिहा. पन्नास पोरांना कुणी आत घेणार नाही. पंधरा-वीस जण म्हटलं तर विचार तरी करतात. रविवारी कुलूप असतं आणि सकाळी आठला कुणी आलेलं नसतं, तेव्हा सोमवार ते शुक्रवार, अकरानंतरची वेळ मागा. मोठ्या स्टुडिओनं नाही म्हटलं तर नाराज होऊ नका. दहा-बारा माणसांचा छोटा स्टुडिओ असेल तर तिथला माणूस पोरांशी जास्त बोलतो.

मोबाईल दाराबाहेर

सहलीत सगळ्यात जास्त रुसवा यावरूनच होतो. बऱ्याच स्टुडिओंत मोबाईल आत नेऊ देत नाहीत, किंवा कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. कारण साधं आहे. आत जे काम चालू असतं तो सिनेमा अजून लोकांनी बघितलेला नसतो. एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला तर स्टुडिओवर करार मोडल्याचा ठपका येतो आणि पुढचं काम हातून जातं. त्यामुळं सेल्फी, रील काही होणार नाही हे आदल्या दिवशीच सांगा. पालकांनाही कळवा की अमुक ते अमुक वेळ पोरांचे फोन बंद असतील. नाहीतर इकडं आई घाबरून फोनवर फोन लावत बसते.

दुसरी निराशा आत गेल्यावर होते. पोरांच्या डोक्यात रंगीत भिंती, मोठे पुतळे असं काहीतरी असतं. प्रत्यक्षात दिसतं ते तालुक्याच्या बँकेसारखं ऑफिस. खुर्च्या, संगणक, कानाला हेडफोन लावून बसलेली माणसं. काही खोल्यांत अंधार असतो. तो वीज वाचवायला नव्हे, तर पडद्यावरचे रंग आणि उजेड नीट दिसावा म्हणून. एसी कडक असतो, स्वेटर लागतो. पाच मिनिटांत पोरं कुजबुजतात, "एवढंच?" म्हणून काय बघायचं ते सोबत जाणाऱ्याला आधी ठाऊक हवं.

एक सेकंद म्हणजे २४ चित्रं

पोरांना वाटतं, कार्टून संगणकच बनवतो. त्यांना एक हिशोब करायला लावा. सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रं डोळ्यांसमोरून जातात. डोळ्याला ती वेगळी दिसत नाहीत, हालचाल दिसते. टीव्हीवरच्या कार्टूनची ११ मिनिटांची एक गोष्ट धरली तर ६६० सेकंद झाले. गुणिले २४, म्हणजे १५,८४० चित्रं. हातानं काढताना बऱ्याचदा एक चित्र दोनदा वापरतात, तरी ७,९२० उरतातच. संगणकावर प्रत्येक चित्र हातानं काढावं लागत नाही, पण पात्राचा हात कुठून कुठं जाईल, डोळा कधी मिटेल, वजन कोणत्या पायावर पडेल हे माणसालाच ठरवावं लागतं. सिनेमाच्या दर्जाचं काम असेल तर एका अ‍ॅनिमेटरच्या हातून आठवड्याला मोजकेच सेकंद निघतात.

कामाचा क्रमही आधी सांगून ठेवावा, म्हणजे कोणता माणूस काय करतोय ते कळतं. आधी गोष्ट. मग स्टोरीबोर्ड, म्हणजे सगळी गोष्ट छोट्या चौकटींत काढलेली. संवाद बहुतेक वेळा आधीच रेकॉर्ड होतात आणि पात्राचे ओठ त्यावर हलवले जातात. नंतर पात्राचा साचा तयार करतात आणि त्यात हाडांचा सांगाडा बसवतात. त्याला रिगिंग म्हणतात. कळसूत्री बाहुलीला दोऱ्या बांधाव्यात तसलंच ते काम. मग हालचाल, मग उजेड, आणि शेवटी रेंडरिंग. यात संगणक एकेक चित्र पक्कं करतो. त्याला एका चित्रामागं काही मिनिटं लागतात, कधी काही तास. रात्रभर गरम होत चालणारी संगणकांची खोली दाखवता आली तर तेवढी दाखवायला आवर्जून सांगा.

हालचालीच्या टेबलाशी मात्र जास्त वेळ थांबा, कारण खेड्यातल्या पोराकडं शहरातल्या पोरापेक्षा काही जास्तीचं असेल तर ते इथं कामाला येतं. गाय किंवा बैल बसलेला उठतो तेव्हा आधी मागचा भाग उचलतो, पुढचे गुडघे टेकलेलेच असतात. घोड्याचं उलटं, तो आधी पुढचे पाय टाकून उठतो. ज्यानं गोठ्यात झाडलोट केलीय त्याला हे शिकवावं लागत नाही. डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईची मान कशी स्थिर राहते, ओझ्याची सायकल ढकलताना माणूस कुठं वाकतो, कोंबडी चालताना डोकं कसं हलवते, हे सगळं अ‍ॅनिमेटरला लागतं. स्टुडिओतली मोठी माणसंसुद्धा आरशापुढं किंवा मोबाईलपुढं स्वतः अभिनय करून बघतात आणि मग पात्र हलवतात. पोरांना हेच विचारायला सांगा, "तुम्ही हे करण्याआधी काय बघितलं?" प्रश्न मराठीतच विचारू द्या. पुणे-मुंबईच्या स्टुडिओंत मराठी पोरं-पोरी भरपूर आहेत.

जाण्याआधी आठवडाभर शाळेत एक प्रयोग होऊ शकतो, त्याला खर्च काडीपेटीचा. मोबाईल एका जागी घट्ट बसवायचा, काड्या टेबलावर मांडायच्या, थोड्या सरकवायच्या आणि फोटो घ्यायचा. सेकंदाला १२ फोटो धरले तर पाच सेकंदांना ६० फोटो होतात. मोबाईलवरच्या स्टॉप मोशनच्या अ‍ॅपमध्ये ते जोडले की काड्या नाचायला लागतात. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी 'आगकाड्यांची मौज' हा काड्यांचा चित्रपट १९१५ साली असाच, एकेक काडी सरकवून केला होता. त्याआधी, 'राजा हरिश्चंद्र'च्याही आधी, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं तेही एकेक चित्र घेऊन पडद्यावर दाखवलं होतं. ज्या पोराचे ६० फोटो काढून हात भरून आले, ते पोर स्टुडिओत "एवढंच?" म्हणणार नाही.

फी आणि नोकरी

परतीच्या गाडीत दोन-तीन पोरं तरी म्हणतातच, "सर, मला हेच करायचंय." इथून पुढचं काम जोखमीचं. खासगी क्लासची फी काही लाखांत जाते, आणि 'शंभर टक्के नोकरी' हे शब्द जाहिरातीत असतात, पावतीवर नसतात. म्हणून जमवलेली माहितीपत्रकं पुढं ठेवा आणि क्लासला हे विचारा: मागच्या वर्षी किती मुलांनी कोर्स पूर्ण केला? त्यातली किती आज अ‍ॅनिमेशनच्याच कामावर आहेत? पहिला पगार किती मिळाला? मध्येच सोडलं तर पैसे परत किती? उत्तरं लेखी मागा. हप्त्यानं फी भरा असं सांगतात तेव्हा तो हप्ता क्लासचा नसून बऱ्याचदा एखाद्या फायनान्स कंपनीच्या कर्जाचा असतो. पोरानं कोर्स सोडला तरी हप्ता बापाला भरावाच लागतो. सहलीच्या दिवशी 'आजच्या आज बुकिंग केलं तर सवलत' असं कुणी म्हणालं तर सरळ बाहेर पडा.

धंद्यातही चढ-उतार मोठे आहेत, ते लपवू नका. टेक्निकलर या जुन्या फ्रेंच कंपनीचा डोलारा फेब्रुवारी २०२५ मध्ये कोसळला, तेव्हा बेंगळुरू-मुंबईतल्या हजारो कलाकारांची नोकरी गेली. बरीचशी कामं प्रकल्पापुरती, करारावर असतात. काम देण्याच्या तारखा जवळ आल्या की रात्री जागाव्या लागतात. एआयमुळं सुरुवातीची बारीकसारीक कामं कमी होतायत, हे स्टुडिओतल्या माणसालाच विचारा, तो स्पष्ट सांगेल. दुसऱ्या बाजूला, राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगसाठी वेगळ्या धोरणाला मंजुरी दिलीय, आणि केंद्राची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था त्याच वर्षी मुंबईत सुरू झालीय.

क्लासखेरीज दुसरे रस्तेही आहेत आणि गावात ते फारसे कुणी सांगत नाही. सातवी-आठवीपासून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देता येतात. इंटरमिजिएटला चांगली श्रेणी असेल तर दहावीला वाढीव गुण मिळतात. बारावीनंतर राज्याच्या सीईटी कक्षाची एएसी-सीईटी देऊन बीएफएला जाता येतं. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय चित्रकला महाविद्यालयं आहेत. आयआयटी मुंबईच्या डिझाईन पदवीसाठी यूसीड ही परीक्षा असते. तिला सायन्सच हवं असं नाही, आर्ट्स-कॉमर्सची मुलंही बसू शकतात. अहमदाबादच्या एनआयडीची परीक्षा वेगळी, तिथं अ‍ॅनिमेशन हा स्वतंत्र विषय आहे. जागा कमी आणि स्पर्धा मोठी, हे खरं. शिवाय ब्लेंडर हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे. २०२५ मध्ये ऑस्कर मिळालेला 'फ्लो' हा अ‍ॅनिमेशनपट त्याच ब्लेंडरमध्ये बनलाय. मोबाईलवर ते चालणार नाही, बरा संगणक लागतो. शाळेच्या संगणक कक्षात धूळ खात पडलेलं एखादं मशीन चालतंय का, ते बघता येईल.

प्रवासाचं थोडक्यात. प्रत्येक पालकाची लेखी संमती आणि पोराच्या औषधांची माहिती एकाच फाईलमध्ये असावी. मुली असतील तर शाळेतल्या मॅडम, अंगणवाडीच्या किंवा बचत गटाच्या ताई, अशी एक तरी बाई सोबत हवीच. गेटवर ओळखपत्र मागतात, आधारची झेरॉक्स किंवा शाळेचं ओळखपत्र जवळ ठेवा. शाळेच्या सहलीला एसटीच्या प्रासंगिक करारात ५० टक्के सवलत मिळते. मंडळाच्या सहलीला ती मिळेलच असं धरू नका, आगार व्यवस्थापकांना आधी विचारा. डिसेंबर-जानेवारीत गाड्यांना मागणी जास्त असते, त्यामुळं स्टुडिओकडून तारीख पक्की झाली की त्याच दिवशी आगारात अर्ज द्या.