कानाची सर्जरी करायचीय? आधी नीट कान देऊन ऐका!

सुपड्या, हत्ती, मिकी माऊस... शाळेत पडलेलं नाव कॉलेजातही पाठ सोडत नाही. मग एका रात्री इन्स्टावर 'बिफोर-आफ्टर'चा फोटो दिसतो आणि वाटतं, करूनच टाकूया का?

केस कापायला बसलात की तुम्ही आधी सांगता, 'दादा, कानावरचे राहू द्या हां.' हेल्मेट काढलं की पहिला हात केसांकडे. पोनीटेल तर बांधतच नाही. जवळून काढलेल्या सेल्फीत कान फारसे दिसत नाहीत, म्हणून तो चालतो. ट्रिपच्या ग्रुप फोटोत मात्र तुम्ही मागच्या रांगेत.

हे तुमचंच वर्णन असेल तर 'एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलास' असं आम्ही म्हणणार नाही. रोज टोचतं ते टोचतंच. गंमत बघा, गणपतीचं एक नाव आहे शूर्पकर्ण. म्हणजे सुपासारखे कान असलेला. दहा दिवस त्याच्या आरत्या म्हणणारी पोरंच मित्राला 'सुपड्या' म्हणून चिडवतात!

पुढे आलेले कान मागे बसवण्याच्या या सर्जरीला ओटोप्लास्टी म्हणतात. ती काही आजची फॅशन नाही. न्यूयॉर्कमध्ये डॉ. एडवर्ड एली यांनी 1881 मध्येच अशी सर्जरी केल्याची नोंद आहे. सर्जरी तशी छोटी, पण आहे सर्जरीच. त्यामुळे हो म्हणण्याआधी काही गोष्टी माहिती हव्यात.

नेमकं करतात काय?

कान पुढे दिसण्याची मुख्य कारणं दोन. कानाच्या वरच्या भागात जी घडी असते ती नीट पडलेली नसते, किंवा भोकाभोवतीची वाटी जास्त खोल असते. काहींच्या बाबतीत दोन्ही. हा आजार नाही आणि ऐकू येण्याशी त्याचा संबंध नाही. डॉक्टर कानामागे छेद देतात, आतल्या कूर्चेला, म्हणजे त्या लवचीक हाडाला टाके घालून घडी पाडतात, गरज पडली तर थोडी कूर्चा काढतात. तुमच्या वयात बहुतेक वेळा तेवढाच भाग बधिर करून हे होतं. एक-दोन तासांचं काम, आणि सहसा त्याच दिवशी घरी.

आणखी एक. कानाची बरीचशी वाढ पाच-सहा वर्षांच्या वयातच होऊन जाते. त्यामुळे 'आत्ता नाही केलं तर उशीर होईल' असं काही नसतं. ऑफर संपतेय म्हणून घाई करणाऱ्या क्लिनिकला खुशाल थांबवून ठेवा.

सबमिशनच्या तोंडावर नको

पहिले काही दिवस, साधारण आठवडाभर डोक्याला ड्रेसिंग. मग काही आठवडे रात्री झोपताना हेडबँड. कुशीवर झोपायचं नाही. कबड्डी, फुटबॉल, पोहणं सहसा महिना-दीड महिना बंद. हेल्मेट कानाला घासतं, पण म्हणून बिनहेल्मेटचं फिरायचं नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडीच नको. परीक्षा किंवा ताईचं लग्न जवळ असेल तर तारीख पुढे ढकला.

बिघडू शकतं काय?

कानात रक्त साकळू शकतं. एकाच कानाचं दुखणं वाढत चाललं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना फोन करा. जंतुसंसर्ग कूर्चेपर्यंत गेला तर कानाचा आकारच बिघडू शकतो. काहींचा कान पुन्हा थोडा पुढे येतो, काहींना बरेच दिवस बधिरपणा राहतो. दोन्ही कान अगदी सारखे होतील ही अपेक्षाही नको. ते कुणाचेच नसतात. आणि कान टोचल्यावर तिथे जाड गाठ आली होती का, ते आठवा. तशी त्वचा असेल तर टाक्यांच्या जागीही गाठ येऊ शकते, हे डॉक्टरांना आधीच सांगा.

डॉक्टरांना हे विचाराच

- डिग्री कोणती? प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी, किंवा या कामाचा अनुभव असलेले कान-नाक-घसा सर्जन. नॅशनल मेडिकल कमिशनच्या यादीत नाव ऑनलाइन बघता येतं. 'कॉस्मेटिक एक्स्पर्ट' ही डिग्री नाही.
- अशा किती सर्जरी केल्यात? तुमच्याच पेशंटचे, वर्षभरानंतरचे फोटो दाखवाल का?
- एकूण खर्च किती? ओटी, भूल, औषधं, सगळं लेखी द्या. पुन्हा करावी लागली तर पैसे कोण भरणार? फक्त दिसण्यासाठीच्या सर्जरीला आरोग्य विमा सहसा मिळत नाही.
- सिगारेट ओढत असाल, कुठली गोळी चालू असेल तर लपवू नका. आईबाबा शेजारी बसलेत म्हणून तर अजिबात नको.

शेवटचा प्रश्न स्वतःला

हे कुणासाठी करताय? चिडवणारी पोरं दोन-तीन वर्षांत पांगतील, कान तुमच्याजवळच राहणार. सर्जरीने कानाचा आकार बदलतो. प्लेसमेंट मिळत नाही की क्रशचा होकार येत नाही. दिवसातले तासन् तास आरशासमोर जात असतील, कान झाले की नाक, मग हनुवटी अशी यादी मनात तयार असेल, तर सर्जनच्या आधी समुपदेशकाला भेटा. अठरा पूर्ण नसतील तर पालकांची संमती लागेलच. पूर्ण असतील तरी घरी बोला, कारण तो पहिला आठवडा एकट्याने काढणं कठीण असतं.

महिनाभर थांबा. चिडवणारं कुणी आजूबाजूला नसतानाही हेच हवंसं वाटलं, तर सगळं विचारून, समजून घेऊन करा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. आणि नकोसं वाटलं, तर उद्या मस्त पोनीटेल बांधून कॉलेजला जा. ग्रुप फोटोत या वेळी पुढच्या रांगेत!